दुबारबाईंनी हलवलेले आवाज

घराला कुलूप लावायचं, जिना उतरायचा आणि निम्म्यावरून परत वर जाऊन कुलूप ओढून बघायचं, ही बाईंची जुनी खोड. खालच्या मजल्यावर त्यांचे दादा-वहिनी राहत. वहिनी नुसत्या पावलांवरून ओळखायच्या आणि चहा गाळता गाळता म्हणायच्या, "आत्ता परत वर जातील बघा." कामाच्या जागीही तोच प्रकार. एखादं काम झालं की बाई ते तपासायच्या, आणि मग ते दुसऱ्याच कुणीतरी वेंधळ्या माणसानं केलंय असं समजून पुन्हा पहिल्यापासून तपासायच्या. केंद्रातल्या लोकांनी त्यांचं नाव दुबारबाई ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता.

केंद्र म्हणजे मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराच्या डोक्यावर असलेल्या काही खोल्या. खालून दिवसभर वाफेचा आणि साबणाचा वास यायचा. ज्यांची स्वरपेटी आजारामुळे काढून टाकावी लागणार, अशी माणसं ऑपरेशनच्या आधी तिथे यायची, भिंतींना जाड फोम लावलेल्या खोलीत बसायची आणि आपला आवाज ठेवून जायची. आधी सुटे शब्द, मग रोजची वाक्यं : पाणी दे, दार लाव, कुठं दुखत नाही. ऑपरेशननंतर त्यांना खिशात मावेल असं एक यंत्र मिळायचं. त्याची बटणं दाबली की तेच शब्द, त्याच माणसाच्या आवाजात, एकापुढे एक जुळून बाहेर पडायचे. यंत्राचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला डबी म्हणत.

शब्द आणि वाक्यं संपली की केंद्राचे प्रमुख डॉक्टर शेवटी म्हणायचे, "आता तुमच्या मनाला येईल ते बोला, मी बाहेर बसतो." या नोंदींना केंद्रात ‘लांब नोंदी’ म्हणत. कुणी त्यात गाणं म्हणून ठेवी, कुणी मुलाला चार गोष्टी सांगून ठेवी. एका आजींनी म्हणे शेजारणीला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या आणि मग हसतमुखानं ऑपरेशनला गेल्या होत्या. हे त्यांनीच खोलीतून बाहेर आल्यावर सांगितलं म्हणून कळलं. एरवी लांब नोंद कुणी ऐकत नसे. ती त्या माणसाची आणि त्याच्या घरच्यांची.

हे सगळे आवाज सांभाळायचं काम बाईंचं. आणि त्या आवाजांत एक त्यांच्या दादाचाही होता. दादा बसमध्ये कंडक्टर. उभा जन्म गर्दीवर ओरडण्यात गेला आणि शेवटी घशानंच दगा दिला.

केंद्राचा डेटाबेस जुना होता. डेटाबेसच्या पोटात एक इंजिन असतं. माहिती डिस्कवर कशी रचायची, कशी काढायची, हे ते ठरवतं. गोदाम आणि माल तोच, पण कोठीवाला बदलला की रचण्याची तऱ्हा बदलते, तसंच हे. बाईंच्या डेटाबेसातला कोठीवाला म्हातारा झाला होता. एक जण लिहीत असला की तो बाकी सगळ्यांना दाराबाहेर तिष्ठत ठेवी. वीज गेली की अर्धवट लिहिलेली फाइल तशीच मोडून पडे आणि बाईंना दुसरा दिवस तिच्या डागडुजीत घालवावा लागे. शिवाय ते इंजिन बनवणाऱ्यांनीही त्याच्यावरचा हात काढून घेतला होता. नव्या इंजिनात वीज गेली तरी काही मोडत नसे. तेव्हा सगळा साठा जुन्या रचनेतून नव्या रचनेत हलवायचा, असं ठरलं. ठरवलं डॉक्टरांनी, पण वर्षभर त्यांच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या त्या बाईच.

त्यांनी तयारी केली ती त्यांच्या नावाला शोभेल अशीच. थोड्या नोंदी घेऊन आधी रंगीत तालीम केली. तालमीत सगळं नीट हललं, फक्त वॉर्निंगांचा पाऊस पडला. प्रत्येक वॉर्निंग एकच रडगाणं गात होती : जन्मतारखेचा रकाना रिकामा आहे. जुन्या रुग्णांच्या जन्मतारखा कुणी भरल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. पडदाभर तीच ओळ बघून बाईंचे डोळे शिणले. खऱ्या कामाच्या दिवशी त्यांनी प्रोग्रामला सांगून टाकलं, वॉर्निंगा दाखवू नकोस, चूक झाली तरच थांब.

एका सुट्टीच्या दिवशी, भर उजेडात, धुलाईघर बंद असल्यामुळे कधी नव्हे त्या शांततेत त्यांनी साठा हलवला. संध्याकाळपर्यंत काम आटोपलं. प्रोग्राम कुठेच थांबला नाही. नोंदी मोजल्या, दोन्हीकडे सारख्या. पुन्हा मोजल्या, सारख्या. मग कानाला हेडफोन लावून आवाज ऐकले. सुटे शब्द नीट, वाक्यं नीट. लांब नोंदींपैकी काही उघडल्या. माणूस बोलायला लागला, आवाज स्वच्छ आहे एवढं कळलं की लगेच बंद केल्या. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं दाराला कान लावून ऐकल्यासारखं त्यांना वाटे. दोनदा उघडल्या आणि दोन्ही वेळा सुरुवातीलाच बंद केल्या.

त्या वेळी त्यांना कुणी सांगितलं असतं की बाई, एक तरी शेवटपर्यंत ऐका, तर त्या म्हणाल्या असत्या, असं बरं दिसत नाही.

मग त्यांनी डबीवाल्या सगळ्या घरी फोन केले. साठा नवा झाला आहे, डबीवरचं ‘नवी प्रत घ्या’ हे बटण एकदा दाबा, म्हणजे डबीत नव्या साठ्यातली प्रत येईल आणि पुढे घोळ होणार नाही. एका फोननं ज्यांनी ऐकलं नाही, त्यांना दुसरा केला. बहुतेकांनी दाबलं. दादानं नाही दाबलं. जेवायला खाली गेलं की बाई आठवण करायच्या, दादा मान डोलवायचा आणि डबी उशीखाली सरकवायचा. "याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," असं म्हणून बाईंनी शेवटी नाद सोडला.

काही आठवडे गेले, कुणाची तक्रार आली नाही. जुन्या साठ्याच्या डिस्क तोवर बाईंनी जपून ठेवल्या होत्या. क्ष-किरण विभागाला जागा कमी पडत होती, ते मागतच होते. डॉक्टरांनी विचारलं, देऊ का? बाईंनी एकदा पुन्हा मोजदाद केली आणि हो म्हटलं. बॅकअपच्या जुन्या प्रतींवर एव्हाना नव्या प्रती चढल्या होत्या. जुनं असं काही कुठेच उरलं नाही.

त्यानंतर एके दिवशी चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक तरुण बाई आपल्या मुलीला घेऊन केंद्रात आली. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. ऑपरेशन झालं, वर्षभर डबीवर बोलला, आणि मग आजार पुन्हा उलटला आणि त्याला घेऊन गेला. डबी तिनं नियमाप्रमाणे परत केली होती. जाण्याआधी त्यानं तिला सांगून ठेवलं होतं की लांब नोंदीत मुलीसाठी एक गोष्ट आहे, ती थोडी मोठी झाली की ऐकव. इतके दिवस तिला धीर झाला नव्हता. आता मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा ती आली.

बाईंनी दोघींना ऐकायच्या खोलीत बसवलं, नोंद लावून दिली आणि दार ओढून घेतलं. थोड्याच वेळात दार उघडलं. चष्मेवाली उंबऱ्यात उभी होती.

"पुढचं लागत नाहीये," ती म्हणाली.

बाई आत गेल्या. नोंद पुन्हा लावली. एक प्रसन्न, जरा घोगरा आवाज गोष्ट सांगत होता. एका उंच इमारतीत एक लिफ्ट असते, तिला रोज रोज वरखाली करायचा कंटाळा येतो, आणि एक दिवस ती ठरवते की आज आपण कुणाचंच बटण ऐकायचं नाही. मुलगी हसत होती. मग लिफ्ट शेवटच्या मजल्याच्याही वर जाते, आणि आतला माणूस म्हणतो, अगं थां— आणि तिथे खट्कन आवाज बंद. खरखर नाही, काही नाही. कात्रीनं दोरा कापावा तसा.

बाईंनी पुन्हा लावली. तिथेच तुटली. तिसऱ्यांदाही तिथेच. मुलीचं हसू मावळलं आणि ती आईकडे बघायला लागली.

बाई काहीतरी पुटपुटल्या, यंत्र अडकलं असेल, बघून सांगते. त्या आपल्या खोलीत आल्या आणि दुसरी लांब नोंद उघडून पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली. ती तुटली. आणखी एक ऐकली, तीही तुटली. मग त्यांनी सगळ्या लांब नोंदींची लांबी मोजायला लावली आणि पडद्याकडे बघत राहिल्या. ज्या नोंदी एका ठरावीक मापापेक्षा मोठ्या, त्या सगळ्या बरोबर त्या मापावर येऊन थांबल्या होत्या. एकीतही केसभर फरक नाही.

कारण समजायला वेळ लागला नाही. जुनं इंजिन ढिलं होतं. रकान्यात न मावणारं सामान ते बाजूच्या फाइलीत कोंबून ठेवी. नव्या साठ्याचा आराखडा एका तयार प्रोग्रामनं बनवला होता आणि त्यानं आवाजाच्या रकान्याला माप घातलं होतं. मापात बसेना ते नव्या इंजिनानं छाटलं आणि प्रत्येक वेळी इमानानं वॉर्निंग दिली. तीच वॉर्निंग, जी बाईंनी बंद करून ठेवली होती. तालमीत हे दिसलं नाही, कारण तालमीला त्यांनी लांब नोंदी घेतल्याच नव्हत्या. लोकांचं खाजगी उगाच कशाला हलवा, म्हणून.

बाईंचे हात मात्र शहाणे होते. त्यांनी आधी सर्व्हरची बाहेर जाणारी वाट तोडली, म्हणजे आता कुणी बटण दाबलं तरी तुटकी प्रत डबीत जाणार नाही. मग त्या उठल्या आणि जिना उतरून, मधलं अंगण ओलांडून क्ष-किरण विभागाकडे जवळजवळ पळत गेल्या. तिथला तंत्रज्ञ डबा उघडून जेवत होता. डिस्क कधीच भरल्या, म्हणाला, त्यावर कितीतरी जणांची हाडं आहेत आता. विनोद करायचा म्हणून नाही, आपला सहज म्हणाला. बाई तिथेच स्टुलावर बसल्या. पुसलेली माहिती परत काढून देणाऱ्या माणसाला नंतर बोलावलं. त्यानं डिस्क तपासून मान हलवली. नुसतं पुसलं असतं तर काहीतरी निघालं असतं. पुसून वर दुसरं लिहिल्यावर खालचं कसं निघेल?

चष्मेवाली खोलीत वाट बघत होती. बाईंनी तिला सांगितलं, दोन दिवसांनी फोन करते. ते खोटं होतं आणि ते सांगताना त्यांना कळत होतं. ती बरं म्हणाली, मुलीच्या शर्टाचं बटण लावलं आणि गेली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडले नाहीत. बाईंना वाटत होतं, ओरडावं. त्यांनी एवढंच विचारलं, "डब्यांमध्ये काय आहे?"

तीच एक आशा होती. प्रत्येक डबीत त्या माणसाच्या आवाजाची आपली प्रत असे. ज्यांनी ‘नवी प्रत घ्या’ दाबलं नसेल, त्यांच्या डबीत जुनी, धड प्रत असणार. ज्यांनी दाबलं, त्यांची गेली. म्हणजे बाईंचं ज्यांनी ऐकलं ते बुडाले आणि ज्यांनी कानामागे टाकलं ते तरले. आणि जी माणसं आता नाहीत, त्यांच्या डब्या नियमाप्रमाणे परत येऊन, पुसून, दुसऱ्यांच्या खिशात गेल्या होत्या. लिफ्टवाल्याची डबीही त्यातच.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी फोन हातात घेतला तो खाली ठेवला नाही. ज्यांना आवाज नाही त्यांना फोन करायचा, हे काम कधीच सोपं नव्हतं. घरचं कुणी उचले, ते आधीच वैतागलेले. गेल्या वेळी दाबा म्हणालात, आता दाबू नका म्हणता, तुमचं एक काही धड आहे का? बाई म्हणायच्या, नाही, आमचं चुकलं आहे, पण डबी घेऊन या. कुणी म्हणे, बघू. कुणी फोन आपटे. एकानं विचारलं की तुमच्या वरचं कुणी आहे का बोलायला, तर बाईंनी डॉक्टरांना फोन दिला. डॉक्टरांनी तेच सांगितलं.

एके ठिकाणी फोन उचलला गेला आणि पलीकडून फक्त टकटक ऐकू आली. मग एक स्वच्छ, ठाशीव पुरुषी आवाज आला, "ऐकतोय. बोला." बाईंनी ओळखलं. हे निवृत्त मास्तर. त्यांच्या नोंदी बाईंनीच भरल्या होत्या. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. बायकोला अलीकडे काही आठवत नसे. लांब नोंदीच्या वेळी तिला वाचून दाखवायला ते एक पुस्तक घेऊन आत गेले होते, हे बाईंना आठवत होतं. बाईंनी विचारलं, बटण दाबलं होतं का?

टकटक झाली. "हो. लगेच."

बाईंनी जे घडलं ते सांगितलं. मधे कुठे थांबल्या नाहीत, थांबल्या असत्या तर पुढचं निघालं नसतं. मग पुन्हा टकटक, आणि शब्द एकेक करत आले, जसे डबीतून येतात, सगळे एकाच सुरात.

"ती. रोज. संध्याकाळी. ऐकते. मी. वाचतो. ते."

"हो," बाई म्हणाल्या.

"मधेच. थांबतं. मला. वाटलं. माझंच. बोट. चुकतं."

म्हातारा इतके आठवडे स्वतःचं बोट चुकतंय असं समजून बटण पुन्हा पुन्हा दाबत बसला होता, आणि शेजारी त्याची बायको पुढचं ऐकायला बसलेली. त्यानं तक्रारसुद्धा केली नव्हती.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या बोटाची नाही."

पलीकडे बटणं बराच वेळ वाजत राहिली, पण आवाज काही आला नाही. म्हणायचं होतं ते बहुतेक डबीत नव्हतं. मग फोन ठेवला गेला.

त्या दिवशी घरी गेल्यावर बाई जिना न चढता सरळ खाली दादाकडे गेल्या. दादा खिडकीत बसून पायाची नखं काढत होता. त्यांनी न विचारता उशीखालून डबी उपसली आणि मागचं झाकण उघडून ती आपल्या लॅपटॉपला जोडली. बटण दाबलेलं नव्हतं. लांबीवरून तरी लांब नोंद पूर्ण दिसत होती.

खरी पूर्ण आहे की नाही हे कळायचा आता एकच मार्ग होता. बाईंनी दादाकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले, ऐक. मग त्या, दादा आणि वहिनी, तिघांनी बसून ती शेवटपर्यंत ऐकली. दादानं त्याच्या मार्गावरचे सगळे थांबे म्हटले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे ‘पुढे सरका’, ‘दारात उभं राहू नका’, ‘अहो काका, तुम्हालाच म्हणतोय’, आणि मग तोच मार्ग उलटा, परतीचा. बाकी काही नाही. बायकोला निरोप नाही, बहिणीला नाही. वहिनींनी तोंडाला पदर लावला होता. हसत होत्या की काय, ते नक्की कळत नव्हतं. दादाची मान ठेक्यावर हलत होती. त्याला सगळे थांबे अजून पाठ होते.

बाईंना आधी हायसं वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ अशी शरम आली की त्यांना त्या खोलीत बसवेना. एवढ्या लोकांचं गेलं आणि हिच्या भावाचं तेवढं राहिलं. लोक काय म्हणतील हा भाग वेगळाच, पण त्यांना स्वतःलाच ते चोरीच्या मालासारखं वाटलं. त्या वर गेल्या, कुलूप उघडलं आणि आत कॉटवर तशाच बसून राहिल्या. वहिनी ताट घेऊन वर आल्या. बाई जेवल्या नाहीत.

"त्याचंही गेलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

वहिनींनी ताट खाली ठेवलं. "कुणाला बरं झालं असतं?" त्यांनी विचारलं. "मला नसतं झालं." आणि त्या खाली निघून गेल्या.

पुढचे काही आठवडे डब्या येत राहिल्या. रुमालात गुंडाळून, चष्म्याच्या घरात घालून, एक तर पावाच्या कागदात. काही माणसं दूर राहत, त्यांच्याकडे बाई स्वतः गेल्या. निष्काळजी, आळशी, विसराळू अशा माणसांच्या दारात त्या उभ्या राहत आणि ‘दाबायचं राहूनच गेलं हो’ असं ऐकलं की त्यांचे पाय धरावेसे वाटत. मिळालेली प्रत्येक लांब नोंद त्यांना आता शेवटपर्यंत ऐकावी लागे, घरच्यांना विचारून. ज्या बोलण्याला त्यांनी जन्मभर कान लावला नाही, ते सगळं त्यांच्या कानावर आलं. माफ्या आल्या, भांडणं आली, बेसूर गाणी आली. मधे बंद करायची सोय उरली नव्हती. आराखडा त्यांनी नव्यानं, हातानं बनवला, मिळालेलं सगळं पुन्हा हलवलं, आणि या खेपेला पडद्यावर आलेली प्रत्येक वॉर्निंग, जन्मतारखेची असली तरी, वाचून मग पुढे गेल्या.

निम्म्याहून जास्त परत मिळाल्या. मास्तरांची मिळाली नाही. जी माणसं जगात नव्हती, त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या मिळाल्या; ज्यांच्या घरच्यांनी नियम मोडून डबी परतच केली नव्हती, त्यांच्या. त्यांना बाईंनी रागवायचं सोडून दिलं.

चष्मेवालीला दोन दिवसांचं सांगितलं होतं, बाईंना तीन आठवडे लागले. फोनवर सांगायचं त्यांना पटेना, म्हणून त्या तिच्या दुकानात गेल्या. ती एका म्हाताऱ्याच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाई आरशांच्या मधे उभ्या राहिल्या. जिकडे बघावं तिकडे आपणच दिसत होतो, त्यामुळे त्यांनी नजर फरशीवर ठेवली.

"गोष्ट पूर्ण मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "ते काम मी केलं होतं. तपासायला हवं होतं, मी नीट तपासलं नाही."

तिनं हातातली फ्रेम पुसली, काड्या मिटल्या आणि खोक्यात ठेवली.

"मी तेव्हाच ऐकायला हवं होतं," ती म्हणाली. "तेव्हा होती ना पूर्ण? मीच पुढे ढकलत गेले."

बाई म्हणाल्या, तसं नाही, तुम्ही कधीही आलात तरी ती असायला हवी होती, ठेवायचं काम आमचं होतं. मग डॉक्टरांशी बोलून जे ठरलं होतं ते त्यांनी चाचरत पुढे मांडलं. त्याचे सुटे शब्द आणि वाक्यं शाबूत होती. गोष्टीचा शेवट कुणाला ठाऊक असेल, तर त्याच्याच शब्दांतून तो जुळवून देता येईल. डबी बोलते तसा.

"शेवट मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "घरी शंभरदा सांगायचा. लेकीलाही पाठ आहे. आम्हाला काय गोष्ट हवी होती का?"

दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा ती म्हणाली, जेवढी आहे तेवढी द्या, मी शनिवारी येते. आणि शनिवारी ती आली, एकटी, दारातूनच प्रत घेतली आणि गेली. बाईंशी बोलली नाही.

रुग्णालयानं चौकशी बसवली. बाईंनी जे झालं ते सांगितलं, काही झाकलं नाही, आराखडा बनवणाऱ्या प्रोग्रामवर ढकललं नाही आणि डिस्क मागणाऱ्यांवरही नाही. शेवटी त्यांना कामावर ठेवलं. दुसरं कुणी ते काम करायला मागत नव्हतं, हेही त्याचं एक कारण. डॉक्टर त्यांच्याशी पूर्वीसारखंच वागत, पण दुबारबाई हे नाव केंद्रात कुणाच्या तोंडी येईनासं झालं. कुणी ठरवलं नव्हतं, लोक आपोआपच नुसतं बाई म्हणायला लागले. त्यांना ते लागलं. थट्टा करण्याइतकंही आपण कुणाला जवळचे उरलो नाही, असं त्यांना वाटे. मास्तरांच्या घरी त्या महिन्यातून एकदा जात. मास्तर दार उघडत, खुर्ची देत, आणि दोघं गप्प बसत. त्यांची बायको दर वेळी विचारायची, ही कोण?

एका सकाळी एक नव्या रुग्ण आल्या. बाजारात भाजी विकणाऱ्या, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की धुलाईघराच्या यंत्रांवरही ऐकू यावा. ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं. फोमच्या खोलीच्या दाराशी त्या अडल्या आणि बाईंना म्हणाल्या, "ताई, एक सांगा. मी आत जे बोलेन ते इथे नीट राहील ना?"

बाईंच्या ओठांवर हो आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"राहावं म्हणून मी सगळं करेन," त्या म्हणाल्या. "पण तुमचं बोलून झालं की एक प्रत मी तुमच्याजवळ देणार आहे. ती घरी न्या आणि घरच्यांना ऐकवा. आजच, शेवटपर्यंत. काही तुटलं असेल तर उद्या या, अजून तुमचा आवाज आहे."

भाजीवाल्या बाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. हा भरवसा आहे की धोक्याची सूचना, ते त्या तोलून बघत होत्या. मग त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत जाऊन बसल्या. बाईंनी दार लावलं आणि ते नीट लागलं की नाही, हे ओढून पाहण्याआधीच आतून त्यांचा आवाज सुरू झाला.